वडनेरची नेमणूक

शांतवनदादा,

तुम्हाला मातीत ठेवून वडनेरहून परत आलो, त्या संध्याकाळी विमलने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि मी पोटभर जेवलो. भात दोनदा मागून घेतला. ती समोर बसून पाहत होती. शेवटी तिने विचारलं, "तब्येत बरी हाय ना तुमची?" मी म्हणालो, "बरी हाय. लई दिसांनी बरी हाय." तिला वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलं असावं. तसं काही नव्हतं. तुम्ही गेल्याचं दुःख आहेच, ते कुठे पळून जात नाही. पण त्याच्या दहा-बारा दिवस आधी एका दुपारी तुमच्या खाटेजवळ बसून आपण जे बोललो, त्यानंतर मला गाढ झोप लागायला लागली आहे. अन्नाची चव कळते आहे. मेलेल्या माणसाला हे सांगावं की नाही, माहीत नाही. तुम्हाला सांगायला हरकत नसावी.

शोकसभेत मी चर्चचा जिल्हा अधीक्षक म्हणून बोललो. जन्म कुठे, शिक्षण कुठे, सेवा किती वर्षं, मागे कोण. तुम्ही असता तर मागच्या बाकावर डुलक्या घेतल्या असत्या. आता सुधाकर म्हणून बोलतो.

तुमचे जावई बँकेत आहेत. दफनविधीनंतर चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "मामा इतकी वर्षं एकाच खेड्यात कसे काय राहिले? तुमच्यात बदल्या होत नाहीत का?" मी त्यांना आपली रीत सांगितली. दर वर्षीच्या प्रांतिक सभेचा शेवटचा दिवस. चर्चच्या आवारात मांडव, त्यात गावोगावच्या चर्चचे सगळे पाळक, त्यांच्या बायका, लेकरं. बिशपसाहेब कागद हातात घेऊन उभे राहतात आणि वाचतात, आधी गाव, मग नाव. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं आणि म्हणायचं, "मी तयार आहे." तोवर कोणालाही काही कळत नाही. आणि एकदा "मी तयार आहे" म्हटलं, की ती नेमणूक वर्षभर कोणालाही हलवता येत नाही, स्वतः बिशपसाहेबांनाही नाही. जावईबापूंना गंमत वाटली. त्यांच्या बँकेत हुकूम पाकिटातून येतो आणि लोक तो रद्द करून घ्यायला धावतात. "आणि वाचताना चूक झाली तर?" असं त्यांनी विचारलं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसलो.

चूक झाली होती, दादा. तुम्हाला ठाऊकच होतं, हे मला तेरा वर्षांनी कळलं.

ते वर्ष आठवतं? परदेशी मिशनरी निघून गेले होते. बंगले, शाळा, वसतिगृह, साऱ्यांच्या किल्ल्या आपल्या लोकांच्या हातात आल्या होत्या आणि कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, इथपासून आपली सुरुवात होती. दूरच्या शहरात बसणाऱ्या महासभेने सगळ्या देशातल्या प्रांतांसाठी नवी घडी बसवली. प्रत्येक जिल्ह्याला आपल्यातलाच एक अधीक्षक, तो मुख्य गावी राहील आणि सगळं पाहील. आणि ज्या लहान ठाण्यांत, म्हणजे खेड्यांतल्या चर्चांत, जीव उरलेला नाही, ती बंद करायची. बंद करायच्या यादीत वडनेरचं नाव पहिलं होतं. कौलारू चर्च, त्यात पारवे, आणि रविवारी येणारी चार घरं. ठरलं असं की एक शेवटचं वर्ष एक माणूस पाठवून पाहायचा. काही हललं तर ठीक, नाही तर कुलूप.

मला टाइप करता येत होतं, म्हणून मी नेमणूक समितीचा चिटणीस. पहिल्या यादीत मी टाइप केलं होतं: वडनेर, शांतवन; वर्धा, जिल्हा अधीक्षक, सुधाकर. ते गुपित मला पेललं नाही. घरी जाऊन विमलला सांगून टाकलं. पोरींची शाळा वर्ध्यातच राहणार म्हणून तिने देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी बिशपसाहेबांनी मत बदललं. "शांतवन मोठे आहेत, लोक त्यांचं ऐकतात. वर्ध्याला तेच हवेत. सुधाकरने खेडं पाहून यावं." मी दुसरी यादी टाइप केली. घरी गेलो तेव्हा विमल पडद्यांचं कापड मोजत होती. मला तोंड उघडवलं नाही.

दोन्ही याद्या एकाच फायलीत होत्या. शेवटच्या दिवशी बिशपसाहेबांनी हात पुढे केला आणि मी एक कागद दिला. मी तो पाहून दिला की न पाहता, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे, की आता खरी आठवण कोणती आणि नंतर रचलेली कोणती, तेही कळत नाही. त्यांनी वाचलं, "वडनेर. शांतवन." आणि ते थांबले. चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला. समितीतले बाकीचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले. पण तेवढ्यात तुम्ही उठला होतात. खुर्ची मागे पडली इतक्या घाईने. "मी तयार आहे," तुम्ही म्हणालात, तेही असं खणखणीत की मांडवाबाहेरच्या स्वयंपाक्यांनी मान वळवली. उभ्या राहिलेल्या माणसाला खाली बसवायचा नियम आपल्या घटनेत नाही. मग पुढचं गाव आलं, वर्धा, आणि पुढे माझं नाव. मीही उठलो आणि तेच तीन शब्द म्हणालो.

संध्याकाळी बिशपसाहेब मला एवढंच म्हणाले, "सुधाकर, मला डोळे तपासून घ्यायला हवेत." दुसरी यादी मी घरी नेली आणि चुलीत घातली. विमलने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आणि मग तुम्ही माझी शिक्षा सुरू केलीत. दर हिवाळ्यात, प्रांतिक सभेच्या आधी, तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी घेऊन वडनेरहून हिंगणघाटला आणि तिथून दुसरी एसटी पकडून वर्ध्याला. विमल मीठ घालून शेंगा उकडायची, आपण ओसरीवर सोलत बसायचो, आणि टरफलांचा ढीग झाला की तुम्ही म्हणायचात, "यंदा बी मले तेथच राहू देजो. बदली नोको करजो." महासभेच्या नियमाने एका पाळकाला एका ठिकाणी इतकी वर्षं ठेवता येत नव्हतं. मला दर वर्षी विशेष परवानगीचा कागद करावा लागे. तुम्हाला वाटत असेल, सुधाकर किती मनापासून लिहितो. मला वाटायचं, या माणसाची खुर्ची मी घेतली आणि हा मला शेंगा आणून देतो. तुम्ही रागावला असता तर मला सोसलं असतं. तुम्ही शेंगा निवडून आणायचात, एक किडकी नसायची.

भांडलो मात्र आपण पोटभर. तुम्ही वार्षिक अहवाल कधी वेळेवर दिला? तीन-तीन पत्रं टाकावी, मग एक कोरा फॉर्म यायचा, खाली फक्त सही. एकदा मी तावातावाने वडनेरला आलो. तुम्ही कोणाच्या तरी वावरात कापूस वेचायला गेला होता. वहिनींनी बोलावणं पाठवलं. कमरेला ओटी तशीच, कापसाने भरलेली, तुम्ही आलात. मी म्हणालो, "दादा, तुमच्या एका फॉर्मापायी वडनेरचं नाव कटते. मंग कोठं बसून प्रार्थना करान?"

तुम्ही ओटी सोडत म्हणालात, "तुह्या फॉर्मात 'किती' इचारते. 'कोण' काऊन नाई इचारत? किती बाप्तिस्मे, किती सभा. गोदाबाईच्या सुनेनं सासूसंग तीन वर्सांनी बोलाले सुरुवात केली, हे कोणत्या रकान्यात भरू?"

"कोणत्याच नोका भरू. पण सभा किती झाल्या ते तं सांगा."

"मोजल्या नाई."

मग मी वहिनींना शेजारी बसवून तुमचा अहवाल स्वतः भरला. तुम्ही पाठ फिरवून कापसातल्या काड्या काढत होतात. माझं म्हणणं होतं, कागद नसेल तर चर्चची मंडळी वाऱ्यावर जाते. तुमचं म्हणणं होतं, माणूस घरी जात नसेल तर कागदाला कोण विचारतो. हा वाद आपण संपवला नाही. मला अजूनही वाटतं की माझं अर्धं तरी बरोबर होतं.

महासभेची पाहणी समिती आली ते आठवून मी काल एकटाच हसलो. सगळ्या प्रांतांत नवजीवन आणायची योजना होती आणि वडनेर बंद का झालं नाही, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. तिघे जण नागपूरहून जीपने येणार होते. मी जाम गावच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. जीप जामच्या अलीकडेच बिघडली. मग त्यांना ट्रकवाल्यांच्या हॉटेलात बसवून भजी खाऊ घातली आणि दुपारी एसटीने तुमच्याकडे आणलं. वही काढून त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी तुम्हाला विचारलं, आपली पुढल्या पाच वर्षांची उद्दिष्टं कोणती? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मान खाली घातली.

"कायची उद्दिष्टं जी," तुम्ही म्हणालात. "दर बुधवारी मी घरोघरी जातो. ज्याच्या घरी काम चालू असन त्याच्या कामाले हात लावतो. बोलणं निंघालं तं बोलतो. रविवारी गोदाबाई भजन सांगते, तिले वाचता नाई येत पण समदे पाठ हायेत. मी शेवटी थोडसं बोलतो. बस."

"आणि उपासना एक बाई चालवते?"

"मंग काय करू? माह्यापेक्षा तिचा आवाज चांगला हाय."

त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. सहा महिन्यांनी महासभेचं परिपत्रक सर्व प्रांतांना निघालं: ग्रामीण ठाण्यांतील पाळकांनी आठवड्यातून एक दिवस गृहभेटींसाठी राखून ठेवावा, मंडळीच्या श्रमांत सहभागी व्हावे आणि उपासनेत सामान्य सभासदांस, विशेषतः स्त्रियांस, नेतृत्व द्यावे. मी नियमाला पक्का. जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्याला प्रत पाठवली, वडनेरलाही, वर सूचना लिहून, की तत्काळ अंमल करून कळवावे. तुमचं पोस्टकार्ड आलं: "परिपत्रक मिळाले. प्रयत्न करून पाहतो." ते कार्ड मी दहा वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी लाज वाटली आणि हसू आलं. एवढ्या मोठ्या महासभेने देशभर हलवाहलव करून जे शोधून काढलं, ते तुम्ही कापसाची ओटी बांधून करत होता. पण हेही खरं, की ते परिपत्रक निघालं म्हणून आष्टीकडच्या आणि पुलगावकडच्या ठाण्यांतही बायका बोलायला उभ्या राहिल्या. तुमच्या एकट्याच्या पायांनी ते तिथवर गेलं नसतं. बघा, वाद पुन्हा सुरू केला मी.

मग मागच्या महिन्यात वहिनींची चिठ्ठी आली, की डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी निघालो तेव्हाच ठरवलं होतं. एसटीत तेरा वर्षांची वाक्यं जुळवत बसलो. दुपारचं ऊन अंगणात आलं होतं, तुमची खाट तिथेच टाकलेली. वहिनी आत गेल्या तशी मी सगळं सांगून टाकलं: दोन याद्या, विमलचे पडदे, चूल. "दादा, वर्ध्याची खुर्ची तुमची होती. मी चोरली. मुद्दाम की चुकून, मलेच नाई माहीत."

तुम्ही डोळे मिटून पडला होता. मला वाटलं, झोप लागली, आता पुन्हा हिंमत होणार नाही. मग तुमच्या ओठांच्या कडा हलल्या.

"मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"आदल्या दिवशी बिशपसाहेबानं मले बंगल्यात बोलावलं. रीत मोडून सांगतलं, शांतवन, वर्धा तुमाले देऊन राह्यलो. मी हो म्हणून आलो. नाई कसा म्हनू? पण घरी आलो अन हिले म्हटलं, आता फायली, किल्ल्या, मीटिंगा. माह्यानं व्हत नाई हे." तुम्ही दम घ्यायला थांबलात. "अन मांडवात त्यायनं वाचलं, वडनेर, शांतवन. म्हटलं, सुटलो. मंग ते चष्मा वर कराले लागले. म्हटलं, आता दुरुस्त करतीन. त्याच्या आंधी उठाव."

"म्हणून खुर्ची पडली?"

"म्हणून पडली. मुद्दाम का चुकून ते तुले नाई मालूम तं मी कोठून सांगू? ते देवावर सोड. पण चोर मी हाय, सुधाकर. तुले त्या खुर्चीत ढकलून मी पळालो. दर साली तुले पाहत होतो, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, कागदं सरत नाईत. मले रात दिस खात होतं ते. म्हणून तं शेंगा आणत होतो."

मग मला हसू आलं, ते आवरेना. तुम्हालाही आलं, खोकल्यात मिसळून. वहिनी धावत बाहेर आल्या, त्यांना वाटलं काही झालं. तेरा वर्षं दोघे शेंगा सोलत बसलो, दोघांच्याही मनात चोर, आणि दोघांनाही वाटत होतं समोरचा संत आहे.

निघताना तुम्ही माझा हात धरलात. "एक आयक. खुर्चीवर मी असतो तं वडनेर पयल्याच साली बंद झालं असतं. फॉर्म हरवून. तू कागदं केले म्हणून मी तेथं राह्यलो." एवढं बोलून तुम्ही हात सोडलात. वाद तुम्ही अर्धा सोडून दिलात, हे मला कळलं. उरलेला अर्धा मी तेव्हाच सोडायला हवा होता. "तुम्ही गेलात घरोघर, म्हणून माझ्या कागदांना काही अर्थ आला," एवढंच म्हणायचं होतं. एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. म्हटलं, पुढच्या बुधवारी येतो. पुढच्या बुधवारी ताप होता मला. ते वाक्य आता इथे लिहितो, उशिरा का होईना.

दादा, परवा प्रांतिक सभा झाली. नव्या बिशपसाहेबांना मी आधीच पत्र दिलं होतं, की मला अधीक्षकपदातून मोकळं करा आणि जमलं तर एक गाव द्या, वडनेर रिकामं आहेच. त्यांनी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही, रीत म्हणजे रीत. पत्र देऊन घरी आल्यावर विमलला सांगितलं आणि त्याबरोबर दोन्ही याद्यांची सगळी गोष्टही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पडद्याचं कापड जरा जास्तच घेतलं होतं तवा मी. वडनेरच्या घराले खिडक्या किती हायेत?"

मांडवात मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. नावं येत होती, माणसं उठत होती. "वडनेर," बिशपसाहेबांनी वाचलं, आणि माझं नाव घेतलं. मी उठलो. खुर्ची पाडली नाही, तुमच्याइतकी घाई मला या वयात जमत नाही. पण म्हणालो मात्र खणखणीत, "मी तयार आहे." जे बिशपसाहेबांनी तेरा वर्षांपूर्वी ठरवलं होतं, ते अखेर झालं, फक्त मध्ये तुम्ही तिथे जाऊन माझ्यासाठी घर झाडून ठेवलंत.

मग वर्धा आलं. प्रभाकरचं नाव वाचलं. तुम्ही त्याला ओळखता, सेलूला होता, भला माणूस, फायलींना भिणारा. तो उठला, "मी तयार आहे" म्हणाला, आणि बसताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याला त्या खुर्चीत ढकललं होतं.

वहिनींना विचारून ठेवलं आहे, मागच्या वावरातली तूर कधी भरते. येत्या हिवाळ्यात सभेच्या आधी मी शेंगांची पिशवी घेऊन वर्ध्याला जाईन. निवडून नेईन, एक किडकी नसेल.

तुमचा,
सुधाकर